एका क्रियापदाने पाडलेली माणसं

नोकरीत काय करायचात, असं कुणी विचारलं की मी “जपानी भाषेची दुभाषी होते” एवढंच सांगते. ते लोकांना पटतं. पण त्यापुढे “आणि संध्याकाळी लोकांना पडायला शिकवायचे” असं म्हटलं की समोरचा माणूस हातातलं भांडं खाली ठेवतो. एका मुंजीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळून विचारलं होतं, “त्याला शिकवणी कशाला लागते हो? आमच्या गल्लीतले खड्डे फुकट शिकवतात.” मी त्यांना पुढचं काही सांगितलं नाही. समोर मठ्ठ्याची वाटी असताना माणसाला एकदम सगळं सांगू नये. आता दोन्ही कामांतून निवृत्त झाले आहे, गुडघे आणि स्मरणशक्ती अजून शाबूत आहेत, तेव्हा सांगून टाकते. ही गोष्ट एका चुकलेल्या क्रियापदाची आहे, आणि ती चूक माझी आहे.

परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली त्या दिवसांतली सुरुवात. पिंपरीच्या पुढे एका कारखान्यात जपानी यंत्रं आली आणि ती बसवायला तानाबे नावाचे इंजिनियर आले. जपानीत नावापुढे आपल्या ‘राव’सारखं ‘सान’ लावतात, म्हणून तानाबे-सान. यंत्रांबरोबर माहितीपुस्तकं तरी होती, तानाबे-सानांबरोबर काहीच नव्हतं. म्हणून माझी नेमणूक झाली. मी जपानीची तिसरी परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि माझ्याइतकं जपानी पुण्यात फारसं कुणाला येत नाही अशी माझी ठाम समजूत होती. ती पुढे चौदा वर्षं टिकली. त्या काळात घेतलेलं दुसरं काही माझ्याकडे इतकं टिकलेलं नाही.

तानाबे-सान पन्नाशीचे, बुटके, अबोल. पाळी सुटल्यावर कँटीनमधली बाकं बाजूला सारून ते एकटेच जमिनीवर कोलांट्या घ्यायचे. पहिल्या दिवशी रखवालदाराने ते पाहिलं, साहेबांना फिट आली असं समजून तो धावत गेला आणि मुदपाकखान्यातून कांदा आणून त्यांच्या नाकाला लावला. तानाबे-सान उठून बसले, त्यांनी कांद्याचा रीतसर वास घेतला आणि वाकून आभार मानले. मग मला बोलावून विचारलं, की भारतात व्यायामानंतर कांदा हुंगण्याची पद्धत आहे का. मी नाही म्हणाले आणि त्यांनी काय चालवलंय ते विचारलं. ते म्हणाले, “आयकिदो.”

आयकिदो म्हणजे कराटे नव्हे. त्यात लाथा नाहीत, विटा फोडणं नाही आणि किंचाळणं तर नाहीच. दोघं जण असतात. एक जण दुसऱ्याचं मनगट धरतो किंवा अंगावर धावून येतो. दुसरा त्याचा जोर अडवत नाही, नुसता वळवतो, आणि येणारा आपल्याच जोराने खाली येतो. या येणाऱ्याला ‘उके’ म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, पाडणारा मोठा. पण उके संध्याकाळभरात शंभरदा पडतो आणि शंभरदा धडधाकट उठून पुन्हा मनगट धरतो, तेव्हा निम्मी विद्या त्याच्याकडे असते. म्हणून पहिले काही महिने फक्त पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हाताची चापट जमिनीवर. मी कँटीनमध्ये तानाबे-सानांच्या हातून रोज पडू लागले आणि मला ते आवडायला लागलं. माझ्या आईला आवडलं नाही, पण तिला कारखानाही आवडत नव्हता.

वर्षभरात तानाबे-सानांनी गावात वर्ग काढायचं ठरवलं. मार्केट यार्डाच्या मागे एका शाळेचा हॉल संध्याकाळचा मिळाला. जमिनीवर घालायला गाद्या हव्यात, म्हणून यार्डातून जुनी गोणपाटं आणून त्यात भुसा भरला आणि वरून कॅनव्हास शिवायला भवानी पेठेतले शिंपी शौकतभाई यांना बोलावलं. त्यांतली काही गोणपाटं मिरचीची निघाली. पहिल्या आठवड्यात जो पडेल तो शिंकत उठायचा.

शौकतभाई गाद्या शिवायला आले ते परत गेलेच नाहीत. तानाबे-सानांना ‘हाकामा’ शिवून हवा होता, म्हणजे आयकिदोवाले नेसतात तो गडद रंगाचा घोळदार पायघोळ. पुढे पाच चुण्या, मागे दोन. माप घेता घेता शौकतभाईंनी मला हळूच विचारलं, “बाई, हा घागराच झाला की. साहेबांच्या घरी लग्न आहे का?” मी भाषांतर केलं. तानाबे-सान इतके हसले की माप चुकलं. मग त्यांनी शौकतभाईंना आपलं मनगट धरायला सांगितलं आणि दुसऱ्या क्षणी शौकतभाई गळ्यात टेप अडकवलेला असतानाच गादीवर आडवे झाले. उठून म्हणाले, “तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून मशीनवर वाकून बसतोय. पाठ आज पहिल्यांदा सरळ झाली.” दुसऱ्या दिवसापासून ते शिकायला येऊ लागले.

उद्घाटनाला तीसेक माणसं होती. तानाबे-सान बोलत होते, मी वाक्यावाक्याचं मराठी करत होते. शेवटी ते म्हणाले, “उके वा मी ओ माकासेरु.” माकेरु म्हणजे हरणे, हे मला पाठ होतं. त्यात मध्ये ‘से’ आला म्हणजे आपल्या ‘करणे-करवणे’सारखं काहीतरी असणार, असं मी एका श्वासात ठरवलं. ‘मी’ म्हणजे जपानीत अंग, स्वतः. हा शब्द ऐकून मला कोण आनंद झाला! मराठीतच सापडल्यासारखा. शब्दकोश पिशवीत होता. पण तीस माणसांपुढे पिशवी उघडणं मला कमीपणाचं वाटलं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, “पडणाऱ्याने ‘मी’ हरावा.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक उठून म्हणाले, “वा! मीपणा हरायचा. हे तर आपल्या संतांनीच सांगितलंय.” आठवड्याच्या आत त्यांनी चित्रकलेच्या शिक्षकांकडून ते वाक्य सुबक अक्षरांत रंगवून भिंतीवर लावलं. तानाबे-सानांनी पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. मी म्हणाले, “आपलंच वाक्य. मी ओ माकासेरु.” ते गहिवरले. त्या दिवसापासून वर्गात शिरताना ते पाटीला वाकून नमस्कार करायचे.

आपल्या गावात ‘ध’चा ‘मा’ करण्याची जुनी परंपरा आहे. मी ‘का’चा ‘के’ केला होता आणि मला पत्ता नव्हता.

तानाबे-सान होते तोवर काही बिघडलं नाही. ते स्वतःच सगळ्यांना पाडायचे आणि त्यांच्या हातून माणसं खरोखरच पडायची. तीन वर्षांनी ते मायदेशी परत गेले. जाताना मला काळा पट्टा देऊन वर्ग माझ्या गळ्यात घातला. शौकतभाईंनाही पट्टा हवा होता, पण त्यांची तयारी अजून व्हायची होती. तानाबे-सान म्हणाले, मी परत येईन आणि यांची परीक्षा मीच घेईन.

मग आमच्या वर्गात हरण्याला ऊत आला. पाटीवर लिहिलेलंच होतं. जो अंगावर येईल त्याने हरायचं, मग समोरच्याने हात फिरवो न फिरवो. माझं वय वाढत होतं, कंबर कुरकुरत होती, पण माझ्या हातून माणसं पूर्वीपेक्षा जास्त सफाईने पडायला लागली. मला वाटलं, विद्या मुरली. मी शौकतभाईंकडे हात केला की ते लांबूनच पडायच्या तयारीला लागायचे. वर्गात कुणाला कधी लागलं नाही, म्हणून पोरांच्या आयांचा आमच्यावर फार विश्वास होता.

शौकतभाईंनी तर ते वाक्य घरी नेलं. एक दिवस त्यांच्या पत्नी शीरखुर्म्याचा डबा घेऊन हॉलवर आल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही काय शिकवता ते मला समजत नाही. पण हे हल्ली भांडत नाहीत. मी एक शब्द बोलले की म्हणतात, बरं, मी हरलो.” मी तो शीरखुर्मा हक्काने खाल्ला.

लोकांना संशय आला नाही असं नाही. एकदा गणपतीत एका मंडळाने प्रात्यक्षिक ठेवलं. मी स्टेजवर उभी, चार बाजूंनी चौघं धावून आले आणि माझा हात पोचायच्या आत चौघंही चारी मुंड्या चीत. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ह्या बाईंना संसर्गजन्य काही आहे का हो?” मंडप हसला. मी घरी येऊन आरशात पाहिलं आणि स्वतःला समजावलं, की अडाण्यांना सूक्ष्म गोष्टी दिसत नाहीत. पडले तरी नाक वर, तशातली गत.

दहा वर्षं गेली. खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथली मुलं गळ्यात ओळखपत्रं लटकावून आमच्याकडे येऊ लागली. त्यांतला केतन जरा टिकला. तो एका जपानी बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. त्याचं पहिलं वाक्य होतं, “मॅम, मला अ‍ॅक्चुअली स्ट्रेससाठी काहीतरी हवंय.” मी त्याला पडायला सांगितलं. महिन्याभरात तो इतका छान हरायला लागला की मला त्याचं कौतुक वाटायचं.

आणि मग तानाबे-सानांचं पत्र आलं. ते नोकरीतून निवृत्त झाले होते, पुढच्या महिन्यात पुण्याला येणार होते आणि शौकतभाईंची परीक्षा घेणार होते. मी वर्गात पत्र वाचून दाखवलं. शौकतभाई गादीच्या कडेला जाऊन बसले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, “सातवीच्या परीक्षेच्या आधी आठ दिवस अब्बा गेले. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर. बाई, मी आयुष्यात एकही मोठी परीक्षा पास झालेलो नाही. ही एक होऊ द्या. मुलींना दाखवायचंय.” त्यांच्या दोन्ही मुली तेव्हा कॉलेजात होत्या. मी म्हणाले, “तुम्ही पास झाल्यातच जमा आहात.”

त्याच आठवड्यात बबनराव आले. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या वाहणारे हमाल. वडकीकडून यायचे. म्हणाले, “बाई, परवा गोनीसकट पडलो. म्या खाली अन् गोनी वर. माझा मुकादम म्हनला, त्या शाळंत पडायचं शिकवत्यात. शिकवा.” इतक्या वर्षांत इतक्या सरळ कारणासाठी आलेला हा पहिलाच विद्यार्थी. पडण्याचे पहिले धडे ते दोन दिवसांत शिकले. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, “आता माझं मनगट धरा.” त्यांनी धरलं. मी दहा वर्षं करत होते तसा हात फिरवला, वळले आणि थांबले. बबनराव उभेच होते.

मी पुन्हा फिरवला. बबनराव माझ्याकडे काळजीने पाहत होते.

“बाई, काय करायचं हाय?”

“तुम्ही पडायचं.”

“आसं व्हय? मंग सांगायचं की आधी.” असं म्हणून ते गुडघ्यावर बसले, मग हळूच पाठीवर आडवे झाले आणि झोपल्या झोपल्या म्हणाले, “पडलो.”

वर्गात कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. मी घाईने म्हणाले, की बबनराव नवे आहेत, पाटीवरचा अर्थ त्यांना अजून कळायचा आहे. बबनरावांनी पाटी अक्षर अक्षर जुळवत वाचली आणि विचारलं, “पन पडनाऱ्यानंच हरायचं तर पाडनाऱ्याला काम काय?”

तो प्रश्न घेऊन मी घरी गेले. सकाळी स्वारगेटच्या सायबर कॅफेत जाऊन मी तानाबे-सानांना ई-मेल केली. रोमन अक्षरांत जपानी लिहून विचारलं, की तुमचं पाटीवरचं वाक्य सांगूनही एखादा उके हरायला तयारच नसेल तर काय करावं. दोन दिवसांनी उत्तर आलं, पण कॅफेच्या संगणकाला जपानी लिपी ठाऊक नव्हती. पडद्यावर नुसते चौकोन. शेवटी केतनला विचारलं. “नो प्रॉब्लेम मॅम, माझ्या मशीनवर फॉन्ट आहे,” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घेऊन आला. कागद माझ्या हातात देताना तो पाटीकडे पाहत होता. त्यालाही जपानी येत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तानाबे-सानांनी लिहिलं होतं: “उके का हरेल? आयकिदोत हारजीत नाही. मी ‘माकेरु’ म्हणालो नव्हतो. मी ‘माकासेरु’ म्हणालो होतो. कृपया शब्दकोश पाहावा.”

मी पाहिला. माकासेरु: सोपवणे, हवाली करणे. मी ओ माकासेरु: अंग सोपवून देणे. म्हणजे मनगट घट्ट धर, खरा जोर लाव, आणि समोरच्याने खरोखर वळवलं की ताठ राहू नकोस, त्या जोराबरोबर जा. हरणं कुठेच नव्हतं. ‘हरवणे’शी त्याचा काही संबंध नव्हता. आमचा अख्खा वर्ग दहा वर्षं व्याकरणाच्या चुकीवर पडत होता.

केतन खाली मान घालून म्हणाला, “मॅम, मला वाटलं पाटीवरचं ते मुद्दाम फिलॉसॉफिकल केलंय.”

आता खरं सांगायचं तर त्याच संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवून “माझं चुकलं” म्हणायला हवं होतं. तीन आठवडे हातात होते. पण ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात. दुभाष्याकडे विकायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपण चुकत नाही ही लोकांची समजूत. शिवाय शौकतभाई समोर बसले होते, परीक्षेच्या आनंदात नवा पोशाख शिवून आलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून मी हळूहळू सुधारणा करायचं ठरवलं. आणि वर्गाला सांगितलं, “आजपासून सगळ्यांनी जरा उशिरा पडायचं.”

माझ्या उभ्या आयुष्यातली ही दुसरी मोठी चूक. कारण आमची माणसं आज्ञाधारक. मनगट धरून ती मनात “एक, दोन, तीन” म्हणायची आणि मग पडायची. मधला वेळ पाडणारा हवेत हात फिरवत उभा. केतन मला म्हणाला, “मॅम, मी डीले टाकलाय. आता नॅचरल वाटतं ना?” मी शौकतभाईंना बाजूला घेऊन खरोखर पाडायचा सराव करू या म्हणाले, तर ते म्हणाले, “बाई, तुम्हाला जोर लावू? तौबा!” आणि स्वतःच पडले.

तानाबे-सान आले. केस पांढरे झालेले, चाल तीच. रविवारी सकाळी परीक्षा. शौकतभाईंच्या पत्नी आणि दोन्ही मुली भिंतीशी सतरंजीवर बसल्या होत्या. बबनरावांना मी कोपऱ्यात अगदी मागे बसवलं होतं. कारण उघड आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

शौकतभाई मधोमध उभे राहिले. पहिला उके केतन. त्याने मनगट धरलं. शौकतभाईंनी हात वळवला. केतनचे ओठ हलले. “एक, दोन, तीन,” आणि केतन धाडकन पडला. दुसरा आला, ओठ हलले, पडला. तिसरा आला. तिसऱ्याचा हिशोब चुकला, तो दोनवरच पडला आणि घाईने उठून पुन्हा तीनवर पडला.

तानाबे-सानांनी हात वर केला. ते मला म्हणाले, “मी यांची परीक्षा घेऊ शकत नाही. यांनी कुणालाच पाडलेलं नाही. ही माणसं आपली आपण पडताहेत. असं कुणी शिकवलं, ते यांना विचारा.”

मी विचारलं. दुसरं काय करणार? शौकतभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग केतनकडे. केतनने मान खाली घातली. शिंप्याला कुठली शिवण उसवलीय ते लांबून कळतं. ते पुढे झाले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “साहेबांना सांगा, मी चुकलो. बाईंनी बरोबरच सांगितलं होतं. माझ्याच डोक्यात उलटं शिरलं आणि मी सगळ्या पोरांना तसंच शिकवलं.”

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. दुभाषी ‘ते म्हणतात की’ असं म्हणत नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाषीही ‘मी’च म्हणतो. आणि जपानी क्रियापदाला चुकलो-चुकले असा भेद नाही, बाई बोलो की बुवा, रूप एकच. तेव्हा शौकतभाईंच्या वाक्याचं चोख भाषांतर होतं, “वाताशी गा माचिगाएमाशिता.” मी चुकलो. किंवा, मी चुकले. मी ते वाक्य नुसतं म्हटलं असतं तर नियमाने अचूक होतं, शब्दाने खरं होतं, आणि माझी अब्रूही राहिली असती. गेली असती ती फक्त शौकतभाईंची परीक्षा.

मी वाक्य म्हटलं. आणि तर्जनी उचलून आपल्या नाकाच्या शेंड्यावर ठेवली. आपण ‘मी’ म्हणताना छातीवर हात ठेवतो, जपानी माणूस नाकावर बोट ठेवतो. आमच्या लोकांना वाटलं, बाईंचं नाक खाजतंय. तानाबे-सानांना मात्र कळलं.

“तुम्ही?”

“मी. उद्घाटनाच्याच दिवशी माकेरु असं ऐकलं.”

“पाटीवर काय लिहिलंय?”

मी सांगितलं. ज्या पाटीला त्यांनी तीन वर्षं वाकून नमस्कार केला होता तिच्याकडे त्यांनी वळून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. डोळे पुसून त्यांनी सांगितलं, की चूक दुभाषीची असेल तर उकेही दुभाषीच. आणि शौकतभाईंना संधी एकच.

मग मी वर्गाकडे वळून, तेरा वर्षं उशिरा, मराठीत सगळं सांगितलं. थोडक्यातच सांगितलं. मी जाऊन शौकतभाईंचं मनगट धरलं.

त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “बाई, तीनलाच ना?”

“मोजायचं नाही. मला पाडायचं.”

“तुम्हाला कसं पाडू?”

त्यांनी हात फिरवला, फुलं वाहावीत तसा. मी उभीच राहिले. भिंतीशी बसलेल्या धाकट्या मुलीने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, पडावं. छान, डौलात, खऱ्यासारखं पडावं. या माणसाने आत्ता माझ्यासाठी आपली परीक्षा मातीत घातली होती, तेवढं तरी फेडावं. पण मग त्यांच्या पास होण्यात त्यांचं काय राहिलं असतं? मी मुठीत होता नव्हता तेवढा जोर एकवटला आणि म्हणाले, “शौकतभाई, मी पडणार नाही. मला पाडल्याशिवाय तुम्ही पास होणार नाही. मुली बघताहेत.”

त्यांचा चेहरा बदलला. मशीनवर जाड कापड अडलं की शिंपी ते ओढत नाही, जरा तिरपं करून सुईखाली सरकवतो. त्यांचं मनगट माझ्या मुठीत तसंच कुठेतरी तिरपं झालं, ते पाऊल टाकून माझ्या बाजूला आले, आणि पुढचं मला दिसलं ते हॉलचं छत. त्यावरचा पंखा. माझा हात आपोआप गादीवर आपटला होता आणि पाठीत सणसणीत कळ गेली होती. दहा वर्षांत मला कुणी पाडलं नव्हतं. मागून बबनरावांचा आवाज आला, “हां! ह्ये पडनं हाय!”

शौकतभाई गुडघ्यांवर बसून घाबऱ्या घाबऱ्या विचारत होते, “लागलं का, बाई?”

“लागलं!” मी आनंदाने ओरडले. “चांगलंच लागलं हो!”

तानाबे-सानांनी उठून पिशवीतून काळा पट्टा काढला आणि दोन्ही हातांनी शौकतभाईंपुढे धरला. शौकतभाईंनी तो घेतला. कपाळाला लावला. मग सवयीने अंगठ्याने त्याची कड चाचपली, दोन ठिकाणी दोरा ओढून पाहिला आणि मला म्हणाले, “बाई, शिलाई कच्ची आहे हो.” एवढं बोलून ते रडायला लागले.

तानाबे-सानांनी मला विचारलं, “काय म्हणाले ते?”

“फार आनंद झाला, असं म्हणताहेत,” मी सांगितलं. हे भाषांतर मी कुठल्याही शब्दकोशासमोर बदलणार नाही.